चोरीला गेलेला बिघाड

१

भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, विमानातून एक बिघाड चोरीला गेला.

विमान शाबूत होतं. माणसं शाबूत होती, सामानही सगळ्यांना ज्याचं त्याला मिळालं होतं. फक्त बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जो बिघाड विमानात होता, तो दीड वाजता नव्हता.

तो पाहिला होता एकाच माणसानं. पाहिला म्हणजे पायाला लागला. पोखर्णीच्या दिनकररावांची लेक राजेश्री त्या विमानाची सहवैमानिक. हैदराबादहून निघून विमान नांदेडला उतरत होतं. शेपूट इकडं-तिकडं वळवायला वैमानिकाच्या पायाशी दोन पेडलं असतात. राजेश्रीनं डावं पेडल दाबलं, ते अर्ध्यात अडलं. एक, दोन, तीन, चार मोजेपर्यंत अडलेलंच. मग तिनं सगळा जीव पायात आणून दाबलं. कटकन आवाज झाला, पेडल मोकळं झालं आणि विमान असं उतरलं की मागं बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारी बसलेल्या कॅप्टनसाहेबांना काहीच जाणवलं नव्हतं. दोघांची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात खरी, पण साहेबांचे पाय त्या वेळी खाली फरशीवर होते. वारा असेल, म्हणाले ते. लिहू नको. लिहिलं की विमान अडकतं, मग सगळेच अडकतात.

राजेश्रीनं लिहिलं.

विमान सात तास उभं राहिलं. दत्ता नावाच्या इंजिनिअरनं पाच माणसं घेऊन शेपटीपासून पेडलापर्यंत सगळं उघडलं आणि परत लावलं. त्याच्या अहवालात शेवटी दोन ओळी होत्या: 'बिघाड आढळला नाही. उजव्या खुर्चीच्या पायाशी गव्हाचे सहा दाणे आढळले, काढून टाकले.'

पुढच्या फेरीचे दीडशे प्रवासी सात तास बसून राहिले होते. त्यांनी कंपनीला जे काही ऐकवलं, ते सगळं कंपनीनं जपून ठेवलं आणि तीन आठवड्यांनी राजेश्रीला एक कागद दिला. कागदावर छापलं होतं की पेडल अडल्याचा मला भास झाला. खाली सही करायची, सोमवारी सकाळी दहापर्यंत. सही केली तर नोकरी राहणार, पण नावापुढं 'भास' हा शब्द जन्मभर राहणार, आणि भास होणाऱ्या बाईला कोण कॅप्टन करतंय. सही न केली तर घरी.

गुरुवारी ती घरी आली. दिनकररावांनी चष्मा लावून कागद वाचला, मग अहवाल वाचला, मग परत कागद वाचला.

"भास काय कटकन वाजतो का?" ते म्हणाले.

२

दिनकरराव विमानात कधी बसले नव्हते. पण एका साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि बिघाड कळवणं म्हणजे काय, हे त्यांना राजेश्रीच्या आधीपासून माहीत होतं. कारखान्याच्या वर्कशॉपात एक वही असायची. ड्रायव्हरनं बिघाड लिहायचा, फोरमननं पुढं उत्तर लिहायचं. दिनकररावांनी एकतीस वर्षांत 'स्टेरिंग डावीकडे ओढते' असं शेकडो वेळा लिहिलं. पुढं दर वेळी एकच उत्तर: 'पाहिले. ठीक आहे.' शेवटच्या वर्षी तो ट्रक डावीकडं ओढत ओढत एका उसाच्या फडात जाऊन बसला, तेव्हाही फोरमननं फडातच वही मागवून लिहिलं, 'पाहिले. ठीक आहे.'

म्हणून लेकीला ते एवढंच म्हणाले, "तू सही करू नको. सोमवारला चार दिस हायेत."

त्या विमानात पोखर्णीची माणसं होती. लेक विमान चालवायली म्हटल्यावर घरातले आणि भावकीतले मिळून अकराजण मुद्दाम रेल्वेच्या जनरल डब्यातून हैदराबादला गेले होते, तिच्या विमानात बसून परत यायला. दिनकरराव म्हशीपायी मागं राहिले. हैदराबादला विमान जमिनीवर उभं असतानाच कॅप्टनसाहेबांना मोठेपणा सुचला आणि त्यांनी चौघांना कॉकपिट बघायला आत बोलावलं. माजी सरपंच महारुद्र. शेजारच्या मळ्याचा आश्रुबा. दिनकररावांची सून बबिता. आणि घरधनीण, राजेश्रीची माय, धुरपताबाई.

म्हणजे चोर या चौघांत.

"चौघांत कशाला, तिघांत म्हना की," धुरपताबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "मी काय बी दाबलं न्हाई, काय बी तोडलं न्हाई. पैलेच सांगून ठिवते."

हे खरं होतं. दिनकररावांनी वहीत चौथं नाव खोडलं.

३

शुक्रवारी तपास सुरू झाला आणि दुपारपर्यंत पार बिघडला. कारण गुन्हा कोणी कबूल करत नाही, ही पोलिसांची अडचण असते. दिनकररावांची अडचण अशी झाली की जो भेटेल तो कबूल करायला लागला.

महारुद्रला त्यांनी नृसिंहाच्या देवळासमोरच्या हॉटेलात गाठलं. महारुद्रनं आधी स्वतःच्या कारकिर्दीत झालेल्या सिमेंटच्या रस्त्याचा विषय काढला, तो रस्ता जिथं संपतो तिथपर्यंत नेला, आणि मग आवाज खाली करून सांगितलं की त्यानं एक बटन दाबलं होतं. लाल का पिवळं, आठवत नाही. उकडत होतं, पंखा लागंल म्हणून दाबलं. पंखा लागला नाही. तेव्हापासून त्याच्या मनात होतंच.

दिनकररावांनी लिहिलं, 'महारुद्र, बटन, एक.' राजेश्रीला विचारलं तर ती म्हणाली, ते सूचना वाचायच्या दिव्याचं बटन होतं. विमान निघायच्या आधी, दिवा का चालू आहे म्हणून तिनंच तो बंद केला होता.

आश्रुबाची गोष्ट मात्र ऐकून दिनकररावांच्या हातातली पेन्सिल थांबली.

आश्रुबाच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइलचं स्टार्टर आहे. शेतात लाइट आली की तो जिथं असेल तिथून फोन लावतो, मोटार चालू होते. सोयरिकीत, दवाखान्यात, एकदा तर मयतीत असताना त्यानं मोटार चालू केलेली. विमानात बाईनं फोन बंद करायला सांगितलं, यानं हो म्हणून खिशात ठेवला. विमान खाली आलं, रेंज आली, लाइट आल्याचा मेसेज आला. आश्रुबानं फोन लावला.

"किती वाजता?" दिनकररावांनी विचारलं.

आश्रुबानं फोन उघडून दाखवला. बारा एक्केचाळीस.

दोघं बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले. मोटारीचं बटन इकडं आणि विमानाचं पेडल तिकडं, यात काय संबंध असेल, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण संबंध नाही, असंही छातीवर हात ठेवून सांगता येईना. आश्रुबाच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेश्री त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. "दिनकरमामा, मला जेलात घाला, पर पोरीची नोकरी जाऊ देऊ नका," तो म्हणाला.

शेवटी तपास विहिरीवर गेला. तिथं आश्रुबाच्या बायकोनं सांगितलं की त्या दिवशी मोटार लागलीच नव्हती. लाइटीचा डीपी आदल्या दिवशीच जळालेला. लाइट आल्याचा मेसेज यंत्राला कुठून सुचला, ते त्या यंत्रालाच माहीत.

"मोटारच लागली न्हाई," दिनकरराव म्हणाले, "तर इमान कशानं अडकंल?" हा युक्तिवाद ज्याला इंजिनिअरिंग येत नाही त्यालाच पटेल असा होता. सुदैवानं तिथं सगळे तसेच होते.

घरी आले तर सून बबिता दारातच रडत उभी. तिनंही कबूल केलं. विमानाला दृष्ट लागू नये म्हणून तिनं समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काजळाचं बोट लावलं होतं. काच अंधारली आणि वन्संच्या पायाला दिसलं नाही, असं तिचं म्हणणं. तिला गप्प करायला अर्धा तास गेला. ती गप्प झाली आणि म्हणाली, "खरं वाटत न्हाई तर फोटू हायेत. आत जातानाचा बी हाय, भाईर येतानाचा बी."

दिनकरराव कबुल्यांना आता कंटाळले होते. उद्या बघू, म्हणाले.

ते उद्यावर टाकलं नसतं तर तपास शुक्रवारीच संपला असता.

४

शनिवारी नृसिंहाला गर्दी असते. त्या गर्दीत इंजिनिअर दत्ता आला. तो मूळचा मानवतचा, दर दोन-तीन महिन्यांनी दर्शनाला येणारा. पण या खेपेला दर्शन झाल्यावर त्यानं राजेश्रीचं घर विचारलं. बैठकीत बसला आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाला, "मॅडम, मला झोप लागत न्हाई."

त्याचं दुखणं वेगळंच होतं. राजेश्रीनं लिहिलं होतं, कटकन आवाज आला. कटकन आवाज आला म्हणजे काहीतरी तुटलं. तुटलं म्हणजे दोन तुकडे पाहिजेत. दत्तानं सात तास तुकडे शोधले. एक खिळा कमी नव्हता, एक तार सैल नव्हती. तुटलेला आवाज होता, तुटलेली वस्तू नव्हती. बिघाड नाही असं तो लिहून मोकळा झाला, पण मॅडम खोटं लिहितील असंही त्याला वाटत नव्हतं. आता घरी फळीवरचं भांडं पडलं तरी तो उठून तुकडे मोजतो.

दिनकररावांनी एकच विचारलं. पेडल उडताना अडलं का उतरताना?

उतरताना, राजेश्री म्हणाली. उडताना लोण्यासारखं चालत होतं.

दिनकरराव उठून उभे राहिले. एकदा घाट उतरताना त्यांच्या ट्रकचा ब्रेक लागला नव्हता. चढताना लागत होता, उतरताना लागेना. कारण पाण्याची बाटली. चढाला ती खुर्चीखाली मागं पडून होती, उताराला गडगडत पुढं आली आणि ब्रेकखाली जाऊन बसली. खाली आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, आणि फोरमन बघायला येईपर्यंत क्लीनर ती बाटली पाणी पिऊन घेऊन गेला होता.

"इमान बी चढतं, उतरतं," ते म्हणाले. "कायतरी खुर्चीमागं होतं. नाक खाली झाल्यावर सरकत पुढं आलं."

दत्ता म्हणाला, असं काही असतं तर मला दिसलं असतं. मी गेलो तेव्हा आत काहीच नव्हतं.

"तुमच्या आधी कोन गेलतं?"

साफसफाईची बाई. दहा मिनिटं. ती नेहमीच जाते. पण तिच्या पिशवीतही काही तुटलेलं मिळालं नव्हतं, केर त्यानं स्वतः पालथा केला होता. पेडलापाशी फक्त ते सहा दाणे.

दिनकरराव खाली बसले. गव्हाचे दाणे. अहवाल त्यांनी चार वेळा वाचला होता, आणि चारही वेळा ते दाणे कोणाच्या तरी बिस्किटाचे समजून पुढं गेले होते. बिस्किटात अख्खा गहू नसतो, हे त्यांना आत्ता सुचलं.

"बबिते," त्यांनी हाक मारली, "ते फोटू आन."

फोटो भावकीतल्या एकानं काढलेले. पहिल्या फोटोत चौघं कॉकपिटमध्ये शिरत होते. सगळ्यात मागं नऊवारीतली एक बाई, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, पदराला चांगलं फुगलेलं ओझं. दुसऱ्या फोटोत तीच बाई बाहेर पडत होती. हात मोकळे, पदर सपाट, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवायला वाढू का समद्यांला?"

५

धुरपताबाईंना चोरून केल्यासारखं वाटतच नव्हतं, त्यामुळं त्यांनी चेहरासुद्धा पाडला नाही. परातीतलं पीठ मळत त्यांनी सरळ सांगितलं.

लेक जिथं राहते, जिथं काम करते, तिथं पहिल्यांदा गेलं की तिची ओटी भरायची. रिकाम्या हातानं परत यायचं नाही. त्यांनी पोखर्णीहूनच सगळं नेलं होतं. नारळ विमानतळावर तपासणाऱ्यांनी काढून घेतला, त्याबद्दल त्या साहेबाला अजून सुबुद्धी आलेली नाही. बाकी गहू, सुपारी, हळकुंड, खारीक, सगळं हिरव्या खणात बांधून पदरात धरलं आणि आत गेल्या. पण राजेश्री म्हणाली, माय, ड्युटीवर काही घेता येत नाही.

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. तिला आठवलं. तिनं एवढंच म्हटलं होतं आणि बटनांकडं वळली होती. मायनं ऐकलं, असं तिला वाटलं होतं.

"मंग तू ती ओटी कुठं ठिवलीस?" दिनकररावांनी विचारलं.

"खुर्चीच्या मागं. तिची खुर्ची, तिची ओटी."

"माघारी आनायची ना."

धुरपताबाईंचे हात पिठात थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एवढा अडाणी प्रश्न विचारला नव्हता. "लेकीची भरलेली ओटी माघारी आनत्यात का?" त्या म्हणाल्या. "उद्या तिला कायी झालं असतं म्हंजे?"

शेवटी दत्तानं हळूच विचारलं, हे त्यांनी आधी का सांगितलं नाही.

"तुमी इचारलं काय? तर काय दाबलं, काय तोडलं. काय दिलं म्हनून कोन इचारलं?"

मग ओट्याशी उभ्या असलेल्या राजेश्रीकडं बघून त्यांच्या लक्षात यायला लागलं. पेडल, चार मोजेपर्यंतचा वेळ, सोमवारचा कागद. त्या पीठ भरल्या हातानं तशाच खाली बसल्या. "म्या अडिवलं व्हय तुझं इमान," एवढंच म्हणाल्या.

राजेश्री शेजारी बसली. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. उद्या तिनं सांगितलं की माझ्या मायनं ओटी ठेवली होती, तर कंपनी म्हणणार, दाखव ओटी. नाही दाखवली तर आधी एकीला भास झाला होता, आता दोघींना झाला.

६

रविवारी चौघं नांदेडला गेले. मायलेकी, दिनकरराव आणि तुकड्यांवाचून झोप उडालेला दत्ता. साफसफाईची बाई सत्यशीला एका खोलीत राहत होती. सुट्टी होती, दारात तांदूळ निवडत बसली होती. अंगावर हिरव्या खणाचं नवंकोरं ब्लाउज.

धुरपताबाईंनी आपला खण ओळखला.

सत्यशीलानंही काही लपवलं नाही. उलट तिला सांगायचंच होतं. दत्तासारखी तीही मानवतचीच. आईबाप जाऊन तीन वर्षं झाली, भाऊ ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला. तीन वर्षांत तिची ओटी कोणी भरली नव्हती. त्या दिवशी झाडताना पेडलाच्या मागं हिरवी पुरचुंडी दिसली, चेंगरलेली, गाठ सुटायला आलेली. उघडली तर ओटी. गहू, खारीक, सुपारी आणि मधोमध मोडलेलं हळकुंड.

"मोडलेलं?" दत्ता पुढं सरकला. "दोन तुकडे?"

दोन, ती म्हणाली. दत्तानं भिंतीला टेकून डोळे मिटले. तीन आठवड्यांनी त्याचा जीव खाली पडला.

"केरात कशी टाकू, ताई?" सत्यशीला धुरपताबाईंना सांगत होती, कारण बाकीच्यांना हे कळणार नाही, हे तिनं ओळखलं होतं. "कपाळाला लावली. म्हनलं, ईमान वरून येतंय, वरच्यानंच धाडली आसंल." गहू दळणात गेला होता, खारीक पोटात, हळकुंड फोडणीत, सुपारी देवापुढं. खण शिंप्याकडं. "लय चांगला खण. फकस्त एक डाग हाय, धुतला तरी जाईना. म्हनून शिंप्याला सांगितलं, पाठीवर घे, पदराखाली झाकंल."

राजेश्रीनं विचारलं, बघू का. सत्यशीलानं पदर बाजूला केला. पाठीवर हिरव्या कापडावर काळे, जाड, तिरपे पट्टे उमटले होते. एकाशेजारी एक, सात.

राजेश्रीचं बोट त्या पट्ट्यांवरून फिरलं. रोज बुटाखाली असतात ते. डाव्या पेडलाच्या रबराचे पट्टे.

आता प्रश्न एवढाच होता की पुरावा मागायचा कसा. कोणाच्याही अंगावरचा पुरावा मागणं अवघड, आणि हा तर तीन वर्षांनी मिळालेला. दिनकररावांनी दोनदा खाकरलं. दत्तानं दाराबाहेरची नाली बघितली. धुरपताबाईंनी मात्र पिशवी उघडली. त्यात दुसरा खण होता, नारळ होता, गहू होता. निघताना त्यांनी हे का घेतलं, कोणाला सांगितलं नव्हतं.

"ती वरच्यानं धाडलेली नव्हती, बाई. माझ्या लेकीची होती, चुकून तुज्याकडं आली," त्या म्हणाल्या. "तुझी मी आज भरते. पदर धर."

७

सोमवारी दहाला राजेश्रीनं कंपनीच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. सही न केलेला कागद, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं हिरवं ब्लाउज.

चौकशी समितीत तीन साहेब होते. पहिल्यानं पिशवी बघून विचारलं, हा कोणता भाग. दुसऱ्यानं भागांची जाडजूड यादी उघडली, त्यात ब्लाउज नव्हतं. दत्तानं पेडलाचा ठसा आणि पाठीवरचा ठसा शेजारी शेजारी ठेवून दाखवले. सात पट्टे, अंतर सारखं, सातव्या पट्ट्याच्या टोकाला तेवढीच एक खाच. त्यानंतर तिघंही साहेब बराच वेळ एका बाईच्या पाठीकडं गंभीरपणे बघत राहिले. कॅप्टनसाहेबांना विचारण्यात आलं की त्यांचे पाय उतरताना फरशीवर का होते. त्यांचं उत्तर ऐकण्यासाठी दार लावून घेण्यात आलं.

राजेश्रीनं मायचं नाव लपवलं नाही. कारण बिघाड लिहायचा तर पूर्ण लिहायचा. कोणी ठेवलं, तिनं लिहिलं, माझ्या आईनं. का ठेवलं, या रकान्यात तिनं लिहिलं, 'माघारी नेता येत नाही म्हणून.'

पंधरा दिवसांनी पोखर्णीला पत्र आलं. त्यात बरंच काही होतं. राजेश्रीला एक महिना विमानापासून लांब ठेवलं होतं, सामानाकडं लक्ष दिलं नाही म्हणून. कॅप्टनसाहेबांना सहा महिने. यापुढं दर उड्डाणाआधी दोघांच्या पायाशी विजेरी लावून बघायचं, असा नवा नियम होता, आणि नेऊ नये अशा वस्तूंच्या यादीत नेलकटर आणि पेटवायचं लायटर यांच्या मधोमध 'ओटी' छापलं होतं. पुरावा परत मिळणार नाही, असंही होतं. ते वाचून धुरपताबाई म्हणाल्या, आता त्या साहेबाच्या बायकोला बसंल का ते बघा म्हणावं.

दिनकररावांचं यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. त्यांनी दुसरी ओळ वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग आश्रुबाला बोलावून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. आश्रुबानं ती तीनदा वाचली, कारण आपल्या मोटारीचं नाव त्यात कुठं नाही ना, याची त्यालाही खात्री करायची होती.

ओळ एवढीच होती: 'वैमानिकाने केलेली बिघाडाची नोंद बरोबर होती.'

सगळे गेल्यावर दिनकररावांनी खिशातलं पेन काढलं. पत्र गुडघ्यावर सरळ केलं, आणि त्या ओळीच्या पुढं, एकतीस वर्षं वाचून पाठ झालेल्या अक्षरात, सावकाश लिहिलं:

'पाहिले. ठीक आहे.'